साधनाची वर्गणी भरावी का? अंबाजोगाईहून एका वाचकाचा रिव्ह्यू

सरळच सांगते, भरावी. पण कशासाठी भरायची आणि काय अपेक्षा ठेवून भरायची हे जरा नीट सांगायला पायजे, कारण आमच्याकडं साधना साप्ताहिकाचं नाव काढलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात ते समाजवादी पार्टीवाल्यांचं मुखपत्र ना, पार्टीच राहिली नाही तर आता काय वाचायचं त्यात. दुसरे म्हणतात साने गुरुजींचं ना, लेकरांच्या गोष्टी असतील, आमच्या नातवाला द्या. दोघांनीही अंक हातात घेतलेला नसतो. साधना हे मोठ्या माणसांचं वैचारिक साप्ताहिक आहे, दर आठवड्याला निघतं, आणि पक्षाचं मुखपत्र ते कागदोपत्री कधीच नव्हतं. पण ते काढणारी, त्यात लिहिणारी, गावोगाव वर्गणी गोळा करणारी माणसं बघितली तर बहुतेक समाजवादी पक्षाची नाहीतर राष्ट्र सेवा दलाची. पक्षाच्या माणसांचा पेपर पण पक्षाचा पेपर नाही, हे जे काही आहे ना ते समजलं की साधना समजतं, आणि माझा सगळा रिव्ह्यू खरं तर याच एका गोष्टीवर आहे.

मी स्वतः घरी वर्गणी भरून अंक घेते आणि जुने अंक वाचनालयातल्या बांधीव फाइलींमधून वाचलेत, सगळे नाही, पण सत्तरच्या दशकातले बरेच. त्यामुळं हा रिव्ह्यू नुसता चालू अंकाचा नाही, सगळ्या साप्ताहिकाचाच आहे असं समजा.

आधी थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. काँग्रेसच्या आतच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला, जयप्रकाश, नरेंद्र देव, लोहिया, आपल्याकडचे एसेम जोशी, ना. ग. गोरे ही सगळी मंडळी त्यात. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहून काम केलेले हेच लोक. १९४८ च्या मार्च महिन्यात नाशिकच्या अधिवेशनात ते काँग्रेसमधून बाहेर पडले आणि समाजवादी पक्ष वेगळा झाला. त्याच्या दोनच महिने आधी, ३० जानेवारीला, गांधीजींचा खून झालेला. साने गुरुजींना तो घाव फार खोल लागला, एकवीस दिवसांचं उपोषण केलं त्यांनी, खून करणारा महाराष्ट्रातला होता म्हणून प्रायश्चित्त. आणि मग नुसतं रडून भागणार नाही, लोकांपर्यंत रोज पोचलं पाहिजे म्हणून 'कर्तव्य' नावाचं सायंदैनिक काढलं. ते चाललं नाही, काही महिन्यांत बंद पडलं. रोजचा पेपर चालवायचा म्हंजे पैसा लागतो, जाहिराती लागतात, आणि गुरुजींकडं दोन्हीपैकी काहीच नव्हतं. मग दैनिक जमत नाही तर साप्ताहिक, असं करत १५ ऑगस्ट १९४८ ला साधनाचा पहिला अंक निघाला.

आता ही तारीख आपण मराठवाड्याच्या माणसांनी जरा थांबून वाचली पाहिजे. तिकडं मुंबई-पुण्याला स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस चालू होता, झेंडे, मिठाई, प्रभातफेऱ्या, आणि इकडं औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे अजून निजामाच्या राज्यात. रझाकारांचा नुसता धुमाकूळ, त्यांचा पुढारी कासिम रझवी लातूरला वकिली केलेला माणूस. पोलीस ॲक्शन सुरू झाली १३ सप्टेंबरला आणि १७ ला निजाम शरण आला. म्हंजे साधनाचा पहिला अंक छापला गेला तेव्हा मराठवाडा भारतात नव्हताच, एक महिना बाकी होता अजून. आणि निजामाच्या राज्यात पेपर काढणं, सभा घेणं काय होतं हे जुन्या लोकांना विचारा, गश्ती निशान त्रेपन्न म्हणून फर्मान होतं, परवानगीशिवाय सभा नाही. आ. कृ. वाघमाऱ्यांचं मराठवाडा साप्ताहिक बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघायचं, परत बंदी परत नवीन नाव. त्यामुळं आपल्या मागच्या पिढीला छापलेल्या कागदाची किंमत माहीत होती. असल्या मुलखात पन्नास-साठच्या दशकात साधनाचा वर्गणीदार होणं ही नुसती वाचनाची आवड नव्हती, आपण कुठल्या बाजूचे ते सांगणं होतं.

गुरुजींनी साधना काढलं ते कशासाठी, तर त्यांच्या डोक्यात हिशोब स्वच्छ होता. शेतकरी-कामगारांची बाजू मांडायची, समाजवाद आणायचा पण रक्त सांडून नाही, लोकशाहीच्या वाटेनं. हिंदू-मुसलमान एकमेकांना माणूस म्हणून ओळखतील असं लिहायचं. अस्पृश्यता मोडायची, ज्यासाठी आदल्याच वर्षी, १९४७ च्या मे मध्ये, त्यांनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं होतं. आणि आंतरभारती, म्हंजे एका प्रांतानं दुसऱ्या प्रांताची भाषा शिकायची, त्यांचं साहित्य आपल्याकडं आणायचं. हे सगळं करायचं पण भाषा कशी, तर पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं साधनात छापून यायची, त्यात फुलं, पाखरं, पाऊस आणि मधेच देशाचं राजकारण. पक्षाच्या पेपरात हे बसलंच नसतं. पक्षाचा पेपर म्हंजे ठराव, दौऱ्याचे कार्यक्रम, पुढाऱ्यांची भाषणं, विरोधकांना शिव्या. समाजवादी पक्षाचं इंग्रजीत 'जनता' साप्ताहिक होतं, १९४६ पासूनचं, ते त्या अर्थानं पक्षाचं जास्त. कम्युनिस्टांचीही आपापली साप्ताहिकं होती, त्यात काय येणार हे अंक उघडायच्या आधीच माहीत असायचं, आणि हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही, मुखपत्राचं ते कामच असतं. साधनानं ते काम पहिल्यापासून घेतलं नाही.

गुरुजी ११ जून १९५० ला गेले, अंक सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. एवढ्या एका माणसाच्या नावावर उभं राहिलेलं साप्ताहिक तिथंच बंद पडायला पायजे होतं. आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धनांनी ते उचलून धरलं आणि मग आले यदुनाथ थत्ते, ज्यांनी एवढी वर्षं संपादकपद सांभाळलं की आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी साधना म्हंजे यदुनाथजी असंच होतं. नंतर नानासाहेब गोरे, वसंत बापट, ग. प्र. प्रधान सर, मग डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि आता विनोद शिरसाठ. नुसती नावं वाचली तरी लक्षात येतं की कवी, प्राध्यापक, डॉक्टर, कार्यकर्ते अशी सगळी मंडळी आहेत, पगारी पत्रकार जवळपास नाहीतच.

आणि याच काळात पक्षाचं काय झालं बघा. १९५२ ला प्रजा समाजवादी, १९५५ ला लोहिया वेगळे, मग १९६४ ला संयुक्त समाजवादी, पुन्हा फूट, १९७१ ला पुन्हा एकत्र, १९७७ ला सगळा पक्षच जनता पक्षात विसर्जित, आणि जनता पक्ष फुटल्यावर कोण कुठं गेलं ते सांगायला वेगळा लेख लागेल. आमच्या दादांच्या पिढीतल्या लोकांनी समाजवादी पुढारी बापू काळदात्यांची भाषणं ऐकण्यासाठी सायकलवर गावं पालथी घातली, १९७७ ला बापू औरंगाबादेतून लोकसभेवर गेले तेव्हा घरात दिवाळी केली, आणि पुढं तीच माणसं पक्ष कोणता सांगायचा म्हणून गप्प बसायला लागली. साधना मात्र येत राहिलं. प्रजा समाजवादीवाला आणि लोहियावाला एकमेकांचं तोंड बघत नसले तरी दोघांच्या घरी अंक तोच. पक्षाचं मुखपत्र असतं तर पहिल्या फुटीतच छापखाना कुणाचा यावरून कोर्टात गेले असते.

आता त्या अंकाकडं येते ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. १५ ऑगस्ट १९७२, स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं. बाकी सगळे पेपर रौप्यमहोत्सवाच्या पुरवण्या काढत होते. साधनानं विशेषांकाचं काम अनिल अवचटांकडं दिलं आणि त्यांनी दलित लेखकांना लिहायला लावलं. त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. आणि त्या लेखाच्या मागं काय होतं माहितीय का, आपल्या परभणी जिल्ह्यातलं ब्राह्मणगाव. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिथं बौद्ध समाजाच्या बायांना नागवं करून मारहाण झाली होती. ढाल्यांनी विचारलं की राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर कायदा किती शिक्षा देतो आणि एका दलित बाईची अब्रू घेतली तर किती, आणि मग त्या झेंड्याचं आम्ही काय करायचं. त्यांनी हे फार जहाल शब्दांत विचारलं, आज छापायला कुणी धजणार नाही एवढ्या जहाल. महाराष्ट्र पेटला. साधनाच्या ऑफिसवर मोर्चा आला, दुर्गा भागवतांनी जोरदार आक्षेप घेतला, समाजवादी वर्तुळातही पुष्कळांना ते शब्द सहन झाले नाहीत. दुसऱ्या बाजूनं त्याच वर्षी निघालेल्या दलित पँथरचं नाव घरोघर पोचलं ते या लेखामुळं.

मी तो अंक वाचला तेव्हा लेख छापून जेवढी वर्षं झाली होती त्याच्यापेक्षा माझं वय कमी होतं आणि मला पहिल्यांदा लक्षात आलं की परभणीपासून आपण एवढे जवळ, ब्राह्मणगावचं नाव आपल्या शाळेत, आपल्या घरात, आपल्या मुक्तिसंग्रामाच्या भाषणात कधीच कुणी घेतलं नाही. पुण्याच्या शनिवार पेठेत निघणाऱ्या साप्ताहिकातून मला ते कळलं. कुणी म्हणेल साधना तर सगळं सदाशिव-शनिवार पेठेतल्या लोकांचं, त्याला मी हाच अंक दाखवते. स्वतःच्या वर्गणीदारांना झोंबेल असं छापायची तयारी होती त्यांची. पक्षाला मतं लागतात म्हणून पक्षाचा पेपर हे छापू शकत नाही, आणि धंद्याच्या पेपरला जाहिराती लागतात म्हणून तोही छापत नाही.

हमीद दलवाईंचंही तसंच. मुसलमान समाजातल्या सुधारणेबद्दल, तोंडी तलाकबद्दल ते जे लिहीत-बोलत होते त्याला साधनानं जागा दिली, १९७० ला त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं त्याच्या आधीपासून. समाजवाद्यांचा मित्र असलेला मुसलमान कार्यकर्ता आपल्याच समाजावर टीका करतोय, मतांचा हिशोब करणारा कोणताही पक्ष हे टाळेल.

आणीबाणीत काय झालं तेही सांगायला पायजे. जून १९७५ नंतर सेन्सॉर बसला, समाजवादी कार्यकर्ते धडाधड आत गेले, आमच्या अंबाजोगाईचे डॉ. द्वारकादास लोहियाही तुरुंगात होते, ज्यांनी पुढं पत्नी शैलाताईंबरोबर १९८२ मध्ये मानवलोक ही संस्था उभी केली. साधनानं सेन्सॉरशी पंगा घेतला, छापखान्यावर कारवाई झाली, आणि हे लोक घाबरून घरी न बसता कोर्टात गेले. त्या काळात मोठमोठी दैनिकं काय करत होती हे सगळ्यांना माहीत आहे. थोडक्या वर्गणीवर चालणारं साप्ताहिक उभं राहिलं कारण त्याच्याकडं गमवायला सरकारी जाहिराती नव्हत्या, आणि वर्गणी भरणाऱ्याला मी हाच मुद्दा सांगते. तुमची वर्गणी म्हंजे नुसती अंकाची किंमत नसते, त्या पैशावर संपादकाचा कणा उभा असतो.

नामांतराचा विषय मात्र आमच्याकडं अजूनही दुखरा आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेले अनंत भालेराव, दैनिक मराठवाड्याचे संपादक, ज्यांच्याबद्दल आमच्या घरात फार आदर, ते नामांतराच्या विरोधात होते. आणि एसेम जोशी औरंगाबादेत येऊन, लोकांचे अपमान सोसून नामांतराच्या बाजूनं उभे राहिले. माझ्या मते त्या दिवसांत एसेम बरोबर होते आणि आपल्या प्रदेशाचा अभिमान आपल्याला कुठं घेऊन गेला याचा हिशोब आपण अजून केलेला नाही. यावर साधनानं मराठवाड्यातल्याच माणसांकडून, दोन्ही बाजूंच्या घरातल्या, आज साठी-सत्तरीत असलेल्या लोकांकडून लिहून घेतलेला एक मोठा अंक काढावा अशी माझी मनापासून मागणी आहे. ही माणसं आता झपाट्यानं कमी होताहेत.

दाभोलकरांच्या काळाबद्दल. १९९८ पासून ते संपादक होते, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम एकीकडं आणि साप्ताहिक एकीकडं, आणि २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर त्यांचा खून झाला. गांधीजींच्या खुनानंतर सुरू झालेल्या साप्ताहिकाच्या संपादकाचा खून. अंक थांबला नाही. डॉक्टर हयात असताना त्यांनी शिरसाठांसारख्या तरुण माणसाला हाताशी धरून बालकुमार दिवाळी अंक सुरू केला, पुढं युवा दिवाळी अंकही आला, किंमत मुद्दाम कमी ठेवून शाळाशाळांत पोचवायचा. माझं मत विचाराल तर गेल्या वीस वर्षांतलं साधनाचं सगळ्यात महत्त्वाचं काम हे. गुरुजींच्या मूळ हेतूला धरून आणि गावाकडच्या पोरांपर्यंत खरोखर पोचलेलं.

आता चालू अंक. अंकात संपादकीय, लांब लेख, मुलाखती, अनुवाद, पुस्तकांवरचं लिखाण असतं, चकचकीत काही नाही. लेख लांब असतात, चहा पिता पिता चाळून होत नाही, रविवारी दुपारी बसून वाचायचा अंक आहे. परदेशातलं, दुसऱ्या राज्यांतलं राजकारण मराठीत एवढं सविस्तर वाचायला दुसरीकडं फार कमी मिळतं, विशेषतः स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मी हे आवर्जून सांगते, क्लासच्या नोट्सपेक्षा इथं विषय मुळापासून कळतो. कर्तव्य साधना नावाचं डिजिटल पोर्टलही आहे, गुरुजींच्या त्या बंद पडलेल्या सायंदैनिकाचं नाव त्याला दिलंय, हे मला फार आवडलं. साधना प्रकाशनाची पुस्तकं वेगळी.

कमी काय वाटतं तेही सांगते. भाषा प्रमाण आहे, शुद्ध आहे, पण तिच्यात गोदावरी-मांजराकाठचा आवाज मला कमी ऐकू येतो. दसरा-दिवाळीनंतर आमच्या बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला निघून जातात, कोयता घेऊन, लेकराबाळांसकट, पोरांच्या शाळा अर्ध्यावर सुटतात, आणि बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न तर २०१९ ला देशभर गाजला. हे सगळं त्या बायांच्या, त्या मुकादमाच्या, त्या शाळामास्तराच्या शब्दांत यावं, तज्ज्ञाच्या लेखातून येतंच, पण त्यांच्या शब्दांत यावं. १९७२ ला अवचटांनी जे केलं, ज्याचं दुखतंय त्यालाच लिहायला लावायचं, ते आज ऊसतोड कामगाराच्या शिकलेल्या पोरीकडून करून घेता येईल. अशा पोरी आता कॉलेजात आहेत, लिहू शकतात, मी रोज बघते त्यांना. दुसरं म्हंजे वयाचा प्रश्न, आमच्याकडं वर्गणीदार बहुतेक निवृत्त शिक्षक आणि सेवा दलातले जुने लोक. पंचविशीतला वर्गणीदार शोधून दाखवा म्हटलं तर अवघड आहे, आणि ही जबाबदारी एकट्या संपादकाची नाही, आपलीही आहे.

किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ नंतर, अनाथ झालेल्या लेकरांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभं राहिलं ते सेवा दलाच्या, पन्नालाल सुराणांसारख्या समाजवाद्यांच्या हातून. त्याच्यामागं कुठलाही सत्तेतला पक्ष नव्हता. साप्ताहिक वाचणारी, वर्गणी देणारी, एकमेकांना नावानं ओळखणारी माणसं होती, त्यांनी ते उभं केलं. म्हणून कुणी मला विचारलं की वाचून काय होतं, तर मी नळदुर्गला जाऊन या म्हणते.

कुणी घ्यावं? शिक्षकांनी घ्यावं, वाचनालयांनी तर घ्यावंच, चळवळीतल्या पोरांनी घ्यावं, आणि समाजवाद मान्य नसणाऱ्यांनीही घ्यावं कारण वाद घालायला समोर नीट मांडलेली बाजू लागते. ज्यांना रोजच्या बातम्या, ब्रेकिंग, कोण कुणाला काय म्हणालं हे पायजे त्यांनी घेऊ नये, पैसे वाया गेले म्हणतील. पहिल्यांदाच घेणार असाल तर वार्षिक वर्गणीच्या आधी एखादा युवा दिवाळी अंक घेऊन बघा. शाळेसाठी बालकुमार अंक घ्यायचा असेल तर दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला, वर्गात वाटून तिथंच वाचून घेता येतो, आमच्या सातवीच्या पोरांनी गेल्या वर्षी तो आळीपाळीनं घरी नेला आणि परत आला तेव्हा त्याची पानं सुटली होती.